आमच्या ह्यांची गुरुवारची माणसं

दर गुरुवारी आमचे हे दुसऱ्यांदा दाढी करतात. सकाळी एकदा झालेली असते, तरी दुपारी दवाखान्याच्या वरच्या खोलीत टीव्हीपुढं बसायच्या आधी पुन्हा करतात. शर्ट बदलतात. भांग पाडतात, म्हणजे जेवढे केस उरलेत तेवढ्यांचा. मग दार लागतं आणि आतून इतका मऊ आवाज येतो, की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं कुणी पाहुणे डॉक्टर आलेत. पाहुण्यांना विचारावा तसा मी दारावरून चहासुद्धा विचारला होता.

त्या टीव्हीत असतं निलंग्याच्या पुढचं एक गाव. लातूर जिल्ह्याचं टोक, पलीकडं कर्नाटक. भूकंपात जुनं गाव पडलं, मग शेजारच्या माळावर नवं वसवलं. कुठल्याशा संस्थेनं तिथल्या छोट्या दवाखान्याला कॅमेरा, टीव्ही आणि छपरावर डिशची छत्री बसवून दिली, आणि ह्यांनी इथं मिरजेत बसून दर गुरुवारी तिथले हृदयाचे पेशंट बघायचं कबूल केलं. काम चांगलं आहे, मला कळतं. पण रात्री जेवताना "आज शिवकांताबाई म्हणाल्या", "शिवकांताबाईंनी बरोबर ओळखलं" हे किती वर्षं ऐकायचं माणसानं? माझ्या हातच्या आमटीला कधी कुणी 'बरोबर' म्हटल्याचं मला आठवत नाही. घरची करते देवा देवा अन् बाहेरचीला चोळी शिवा!

त्यात गेले काही महिने जिना चढले की माझ्या छातीत कुणी मूठ आवळल्यासारखं व्हायचं आणि कळ थेट डाव्या जबड्यात जायची. एकदा ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "ॲसिडिटी आहे. रात्री शेंगदाणे खाऊ नकोस." झालं! हृदयाच्या डॉक्टरची बायको मी, आणि माझ्या वाट्याला शेंगदाणे. पुन्हा म्हणून सांगायचं नाही असं मी त्याच वेळी ठरवलं. आणि ह्या शिवकांताबाईला एकदा डोळ्यांनी बघून यायचं, हेही ठरवलं.

लातूर

निमित्त चालून आलं. नणंदेची मुलगी ऋचा हिला मेडिकलच्या तयारीसाठी लातूरला क्लासला घालायचं ठरलं. "मी सोडून येते," मी म्हटलं. हे म्हणाले, "हं." आमच्याकडं 'हं'मध्ये पुष्कळ काही येतं, मी निघाले.

लातूर न पाहिलेल्यांना काय सांगू! आमच्या मिरजेत भिंतीवर पुढाऱ्यांचे वाढदिवस असतात, तिथं भिंतीवर पोरांचे मार्क. चौकाचौकात पासपोर्ट फोटोतली चष्मेवाली पोरंपोरी माणसाएवढी मोठी करून लावलेली. खाली नंबर, त्याखाली क्लासचं नाव. गल्लीगल्लीत खोल्या, मेस, झेरॉक्स, पुन्हा खोल्या. सकाळी सायकलींचा जो लोंढा निघतो तो बघून मला यात्रा आठवली, फक्त ह्या यात्रेत कुणी हसत नव्हतं.

स्टेशनवरून आणणारा रिक्षावाला बोलघेवडा होता. "कुठं चाललालाव अक्का? पोरीला क्लासला घातलं का? घाला, घाला. माझी थोरली हाय एम्बीबीएसला. धाकटं पण बसून राहिलंय अभ्यासाला." झाली माझी जळजळ सुरू. आमचे चिरंजीव दोनदा बसले परीक्षेला, घरात डॉक्टर असून. आता टाइल्सचं दुकान आहे, बरं चाललंय, पण रिक्षावाल्याची पोरगी डॉक्टर होणार म्हटल्यावर मी उगाच त्याच्याशी भाड्यावरून हुज्जत घातली. तो बिचारा हसत राहिला. पोरगी डॉक्टर होणारा माणूस कशाला चिडतोय?

खोलीची मालकीण विटेच्या रंगाची साडी नेसलेली, तोंडानं फटकळ. तिनं ऋचाला कॉट, टेबल आणि खिडकी दाखवली आणि मला म्हणाली, "लई डॉक्टर केले बगा ह्या खोलीनं. एक बी मागं आला न्हाई. कुणी मुंबईला, कुणी परदेशात. माझ्या गावाला ताप आला तर अजून बी कंपौंडरच हाय." मी म्हटलं, मागं यायचं नाही तर नाही, निदान टीव्हीवर तरी यावं. तिला ते कळलं नाही. ऋचा मात्र माझ्याकडं रोखून बघायला लागली, म्हणून मी विषय बदलला आणि तिच्या उशीला खोळ घातली.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. जिना चढताना मी मधल्या वळणावर थांबून भिंतीवरच्या पोरांचे मार्क वाचत बसले. मार्क वाचायचं सोंग चांगलं असतं, कुणी विचारत नाही.

निलंगा

दुसऱ्या दिवशी एसटीनं निलंग्याला गेले. स्टँडबाहेर एका गाड्यावर ही गर्दी. पिवळाधमक भात, वर लसूण-मोहरीची कडकडीत फोडणी, शेंगदाणे, आणि सोबत मिरची. त्याला 'निलंगा राईस' म्हणतात आणि लातूरकर त्याच्यासाठी मुद्दाम येतात म्हणे. आपल्याकडं ह्याला फोडणीचा भात म्हणतात आणि तो शिळ्याचा असतो. इथं ताज्या भाताला तो मान! शेंगदाणे बघून मला ह्यांचं वाक्य आठवलं आणि मी मुद्दाम जास्तीचे मागून घेतले.

बाकावर शेजारी पांढऱ्या साडीतली एक नर्स खात होती. नाव शमीम, राहणारी निलंग्याची, घराणं पिढ्यान्‌पिढ्या कापडाच्या धंद्यातलं. आधी मुखेडला नोकरीला होती, आता रोज एसटीनं खेड्यावरच्या दवाखान्यात जाते. गावाचं नाव ऐकताच मी घास तसाच धरला. मी मिरजेची, आणि मिरजेच्या कुणाची, हे सांगितलं मात्र, शमीम सिस्टर उभीच राहिली.

"या अल्ला! आमच्या डॉक्टरसाहेबांच्या?"

आमच्या! बघा म्हणजे. मी म्हटलं, "हो, तुमच्याच."

उद्या गुरुवार होता. मी आल्याचं ह्यांना कुणी सांगायचं नाही, मी नुसती मागं बसून बघणार, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिला ते भलतंच आवडलं. "फिकीर नक्को, कोणी न्हाई सांगत. पर गावाला सांगावं लागतंय, न्हाई तर गावच सांगून टाकील," म्हणाली, आणि मला आपल्याबरोबर एसटीत घालून थेट शिवकांताबाईच्या दारात नेऊन सोडलं.

गाव

माझ्या मनातली शिवकांताबाई नाजूक होती, गोड बोलणारी. दारात आली ती उंच, काळीसावळी, रापलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आवाज असा की शेतातून हाक मारली तर कर्नाटकात ऐकू जावी. मला हायसं वाटलं. पण तिनं मला बघितलं, नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पहिला शब्द काढला तो हा:

"जेवलाव का?"

मी गारच झाले. दर गुरुवारी दाराआडून मी ह्यांच्या तोंडून पहिला शब्द हाच ऐकते. "जेवलात का?" मग दुखणं. घरात मला हा प्रश्न कुणी कधी विचारलेला नाही, कारण जेवण मीच वाढते. म्हणजे हे बोलणं आमच्या ह्यांचं नव्हेच, ते इथून उचललेलं होतं. आता ह्याचा राग कुणावर काढायचा?

गाव म्हणाल तर आखल्यासारखं सरळ. रुंद रस्ते, एकासारखी एक घरं, प्रत्येकावर नंबर. आपल्याकडं भिंतीला भिंत लागून असते आणि भांडणं होतात, इथं भांडायला जायचं तर पाय दुखतील. शिवकांताबाईचं घर स्लॅबचं, पण आत ज्वारीची पोती. ती स्वतः झोपते शेजारी पत्र्याच्या शेडात. "पत्रा पडला तर डोकं फुटंल, जीव न्हाई जात," म्हणाली, आणि चुलीकडं वळली. तिचा नवरा आणि मोठी मुलगी जुन्या घराखाली गेली, हे मला शमीमनं वाटेत सांगितलं होतं. बाई स्वतः त्यावर बोलली नाही.

जेवायला धपाटे, दही आणि येसराची आमटी. भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ लावून केलेली, तिखटजाळ. "डॉक्टरला लई आवडायची. तंबूत असताना ताट चाटून खायाचे," ती म्हणाली. मला ठसका लागला. आमच्या घरी ह्यांना तिखट चालत नाही म्हणून मी लग्नापासून गूळ घातलेली आमटी खातेय! भूकंप झाला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. हे इथं मदतीला आले, महिन्याभरानं परतले, "फार वाईट होतं" एवढंच म्हणाले, आणि पुन्हा त्या दिवसांचं नाव काढलं नाही. माझ्यापाशी. इथं मात्र त्यांनी कुठल्या तंबूत काय खाल्लं हे म्हातारीकोतारी सांगत होत्या. ते दिवस माझे नव्हतेच, आणि मला ते हवे होते.

"तुमचं बरं हाय बगा, अक्का," शिवकांताबाई धपाटे थापता थापता म्हणाली. "अर्ध्या रातीला दुखलं तरी शेजारी डॉक्टर. आमाला गुरुवारपस्तोर जीव धरून बसावं लागतंय. पयलं तर त्ये बी नव्हतं. छातीत दुखलं की लातूर, लातूरहून सोलापूर. एसटीतच निम्मी माणसं जायची." तिच्या आवाजात सरळसरळ हेवा होता. मला हसावं की रडावं कळेना. मी अर्धा धपाटा ताटातच ठेवला.

उन्हं उतरल्यावर तिनं मला जुनं गाव दाखवायला नेलं. गाव कसलं, दगडमातीचा उंचवटा, त्यावर बाभळी उगवलेल्या. चढ जेमतेम होता. पण मूठ आवळली. मी थांबले, म्हटलं, "वा, काय छान दिसतंय इथून!" पुढं गेले, पुन्हा थांबले, चपलेतला खडा काढला, जो नव्हताच. तिसऱ्यांदा मला कारणच सुचेना आणि मी एका दगडावर बसकण मारली.

शिवकांताबाई शेजारी बसली. माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"तवा तंबूत तुमचे डॉक्टर यिऊन इच्यारायचे, काय होतंय? समदे म्हणायचे, काय न्हाई. माझी बरगडी मोडली हुती. पर शेजारणीची दोन लेकरं गेलती, तिच्यापुढं माझी बरगडी कोणत्या तोंडानं सांगू? ती बी काय सांगंना. तिचा पाय सडून राहिला हुता. डॉक्टर लई चिडले. मग एक दिवस मला म्हणले, तुझं नगं सांगू, तिचं सांग. मी सांगितला की पाय. मग तिला म्हणले, आता हिचं सांग. तिनं बरगडी सांगितली." ती हसली. "तवापसून तसंच हाय. दुखणाऱ्यानं गप बसायचं, बघणाऱ्यानं सांगायचं. दवाखान्यात एकटं कोण बी येत न्हाई. सांगणारं कुणी नसंल तर मी जाते."

ज्या माणसानं हे शोधून काढलं तो माझ्यासमोर बसून पेपर वाचतो!

"डॉक्टरला सांगितलं का?" तिनं एकदम विचारलं.

"काय सांगायचं?"

"त्येच, चपलेतला खडा."

माझा तोल गेला. "सांगितलं होतं! ॲसिडिटी म्हणाले. शेंगदाणे खाऊ नको म्हणाले. मी काय शिवकांताबाई आहे, माझं खरं मानायला?"

उतरताना माझा दंड तिनं सोडला नाही.

गुरुवार

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत खाट आणि पट्टी काढायचं, म्हणजे छातीचा आलेख काढायचं यंत्र, दुसरीत टीव्ही. खोलीत निम्मं गाव. आपल्याकडं डॉक्टरपुढं एकटं जायचं असतं, दार लावून. इथं मधोमध एक खुर्ची दुखणाऱ्याची, तिच्या शेजारी एक स्टूल सांगणाऱ्याचं, आणि बाकीचे सतरंजीवर, मध्ये मध्ये दुरुस्त्या करायला. मी कॅमेऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात डोक्यावरून पदर घेऊन बसले. अख्ख्या खोलीला ठाऊक होतं मी कोण. सगळे नुसते गालात हसत होते.

टीव्ही लागला आणि हे दिसले. ताजी दाढी, निळा शर्ट, मीच इस्त्री केलेला.

"नमस्कार मंडळी. जेवलात का सगळे?"

"जेवलाव!" खोली म्हणाली. मी जेवले नव्हते, मी मनात "नाही" म्हटलं.

एक म्हातारा खुर्चीत बसला, स्टुलावर त्याची सून. म्हातारा छताकडं बघत राहिला आणि सून सांगत गेली: रात्री उठून बसतात, पायाला सूज, गोळी खिशात ठेवतात, खात नाहीत. "खातो की!" म्हातारा म्हणाला. सतरंजीवरून चौघे ओरडले, "न्हाई खात!" हे हसले, आणि इतक्या मायेनं त्या म्हाताऱ्याला रागावले की त्यानं खिशातून गोळी काढून तिथंच खाल्ली. असे एकामागून एक. कुणाची घाई नाही, कुणाला 'हं' नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मला वाटलं उठावं आणि टीव्हीचं बटण बंद करावं. मग वाटलं, कुणीतरी आपल्यालाही असं रागवावं. डोळे भरून आले, आणि नेमकी तेव्हाच छातीत मूठ आवळली, बसल्या जागी, जिना ना चढ.

"झालं ना आजचं?" हे म्हणाले.

"न्हाई, एक बाई हाय," शिवकांताबाई म्हणाली. ती स्टुलावर जाऊन बसली. खुर्ची रिकामीच होती.

"कुठं आहे पेशंट?"

"हाय हितंच. लाजून राहिली. मी सांगते, तुमी ऐका." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. "काल चढावर तीनदा थांबली. दर बारीला येगळं कारण सांगितलं. डावा जबडा दाबून धरती. घाम येतोय, ऊन न्हाई तरी. अर्धा धपाटा टाकला. रातीला दोनदा उठून बसली. आन् आत्ता हितं बसल्या बसल्या छातीवर हात गेलाय."

ह्यांचा चेहरा बदलला. ते टीव्हीच्या जवळ सरकले. "बसल्या जागी? शमीम सिस्टर, आधी पट्टी काढा. किती दिवस होतंय हे? घरी कुणाला सांगितलं का?"

"नवऱ्याला सांगितलं हुतं."

"मग?"

"त्यो म्हणला, ॲसिडिटी हाय."

शमीमनं पदर तोंडात कोंबला होता.

"कोण आहे हा नवरा?" हे कडाडले. असा आवाज मी गुरुवारी कधी ऐकला नव्हता. "डॉक्टर आहे का तो? काय कळतं त्याला? बाई जबडा धरून बसते आणि हा ॲसिडिटी म्हणतो? आणा त्याला माझ्यापुढं! अशा माणसाला..."

"हाव, आणते," शिवकांताबाई शांतपणे म्हणाली. तिनं शमीमला खूण केली आणि शमीमनं कॅमेरा कोपऱ्याकडं वळवला.

मी पदर मागं घेतला. पळून जायला जागाच नव्हती. टीव्हीत आमचे हे, आणि त्यांच्या टीव्हीत मी, घामानं थबथबलेली, कपाळावर शिवकांताबाईनं सकाळी लावलेली विभूती. सतरंजीवरची एक म्हातारी म्हणाली, "ह्यो बगा नवरा, आला समोर."

शमीमनं मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, खाटेवर निजवलं, पट्टी काढली, बाहेर जाऊन कॅमेऱ्यापुढं धरली. मला आतून फक्त ह्यांचा आवाज ऐकू येत होता. तो मऊही नव्हता, कडकही नव्हता. थरथरत होता. "ही गोळी चावून खायला द्या. ती दुसरी जिभेखाली. चालू देऊ नका तिला, एक पाऊल नाही. जीप काढा, लातूरला न्या, मी फोन करतो तिथं. शिवकांताबाई..."

"हाय मी."

"तिच्याजवळ बसा. ती स्वतःचं सांगणार नाही."

"ठाव हाय मला."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चौघांनी मला खाटेसकट उचललं आणि टीव्हीच्या खोलीतून जीपकडं न्यायला लागले. जाता जाता मी मान वळवून पाहिलं. टीव्हीत मिरजेची आमची भिंत होती, कॅलेंडर होतं, आणि रिकामी खुर्ची, अजून गरगर फिरत असलेली. दार सताड उघडं. टीव्हीतून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तो माझ्या ओळखीचा होता, आमच्याच गाडीचा.

सतरंजीवरची माणसं त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसली होती, उठायचं नाव नाही.

जीपमध्ये शिवकांताबाईनं माझं डोकं मांडीवर घेतलं. गाव मागं पडलं. मग पदरानं माझा घाम पुसत, जराशा रागानंच म्हणाली, "एवढी वर्सं झाली. आमच्यासाठी एकदा बी खुर्ची सोडून उठले न्हाईत त्ये."

माझ्या छातीत मूठ होती, जबड्यात कळ होती, तरी मी तिच्याकडं बघून हसले.